पहिला अनारसा हसला तेव्हा

सासूबाई होत्या तोवर अनारशाचं पीठ त्यांच्याच हातचं. २०२३ च्या अधिक श्रावणात मात्र जावयाच्या वाणाचे ३३ अनारसे मी एकटीने करायला घेतले. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, कापडावर पसरून दमट असतानाच दळले, चाळले आणि गूळ मिसळून गोळे डब्यात भरले.

सहाव्या दिवशी पहिला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडला आणि तो हसला! कडा सुटल्या, जाळी फाटत गेली, बघता बघता कढईभर तांबूस चुरा तरंगायला लागला. दुसऱ्याचंही तेच. घरचं साजूक तूप हो, जीव तुटला अगदी. गॅस बंद करून तूप गाळून घेतलं. गूळ जास्त पडला होता, म्हणून पीठ सैल झालेलं. बाजूला ठेवलेली थोडी पिठी त्यात मळली, आच मंद केली, झाऱ्याने वरून हळूहळू तूप उडवत राहिले. तिसरा टिकला. मधे सोनेरी जाळी, कडेला कुरकुरीत.

रात्री अकराला ३३ पूर्ण झाले. हसलेल्यांचा चुरा लेकीने आणि मी दुधात घालून खाल्ला. खरं सांगते, फार छान लागतो.