चौपाटीवरची नाकाबंदी

स्मरणिका समितीने शाळेच्या आठवणी मागितल्या आहेत. स्नेहसंमेलनं, सहली आणि पी.टी.च्या सरांची शिट्टी यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मला लिहायचं आहे ते आपल्या शाळेत कधी न शिकलेल्या माणसाबद्दल, सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्याबद्दल. १ ऑगस्टला आपण टिळकांच्या पुतळ्याला हार घालायला रांगेने चौपाटीवर जायचो. त्याच चौपाटीवर आता ओंबळ्यांचाही पुतळा आहे. आताच्या मुलांना विचारलं तर 'कसाबला पकडणारे' एवढंच सांगतात, आणि पुढे गाडी थेट 'शूरवीर', 'नरवीर' यावर येते.

आमच्या वर्गात पोलिसांची पोरं बरीच होती, मीही त्यातलीच. अनंत चतुर्दशीला अख्खं गिरगाव बाप्पाला निरोप द्यायला निघायचं, तेव्हा आम्ही आपापले बाबा कुठल्या पॉइंटवर आहेत ते शोधत असायचो. बाबांचा बंदोबस्ताचा डबा कित्येकदा तसाच परत यायचा. आई भाजीचा वास घेऊन बघायची आणि काही न बोलता ती कढईत परतायची. नाकाबंदी म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकात शिकावं लागलं नाही. बॅरिकेड ओढून आडवे लावायचे, गाडीला हात करायचा, काच खाली, लायसन्स, डिकी. गाडीवाले वैतागणार, कुणीतरी साहेबाचं नाव सांगणार. रात्रभर हेच. कंटाळवाणं काम आहे.

मराठीच्या बाई निबंधातली विशेषणं लाल पेनाने खोडायच्या. "कसा होता ते राहू दे, त्याने काय केलं ते लिही." तर तसंच लिहिते.

ओंबळे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. आधी सैन्यात होते, १९९१मध्ये मुंबई पोलिसांत आले. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री, मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला तेव्हा, ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या नाकाबंदीवर होते. तोपर्यंत सीएसटी स्टेशनवरचा गोळीबार झाला होता. कामा हॉस्पिटलजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे पोलीस अधिकारी मारले गेले होते. त्यांचीच गाडी घेऊन निघालेल्या दोघा अतिरेक्यांनी पुढे एक स्कोडा पळवली. वायरलेसवर तिचा संदेश आला आणि मध्यरात्र उलटल्यावर ती मरीन ड्राइव्हवरून चौपाटीकडे आली. बॅरिकेड पाहून चालवणाऱ्याने दिवे प्रखर केले, काचेवर पाणी मारून वायपर सुरू केले, म्हणजे आत कोण आहे ते दिसू नये. मग गाडी वळवायला गेला आणि दुभाजकावर आदळला. गोळीबारात तो इस्माईल खान मेला. दुसऱ्या बाजूने कसाब उतरला. ओंबळ्यांनी पुढे होऊन त्याच्या एके-४७ची नळी दोन्ही हातांनी धरली. त्याने चाप ओढला. गोळ्या ओंबळ्यांच्या अंगात गेल्या, तरी नळी सुटली नाही. तेवढ्यात बाकीच्यांनी झडप घालून कसाबला लाठ्यांनी आडवा केला. एक अधिकारी जखमी झाले. मागच्यांपैकी आणखी कुणी गेलं नाही.

टीव्हीवर हे ऐकताना आमचे बाबा, तेव्हा निवृत्त झालेले, एवढंच म्हणाले: "नळी सोडली असती तर मागचे सगळे गेले असते."

दहा हल्लेखोरांत जिवंत हाती लागलेला कसाब एकटाच. त्यामुळे पाकिस्तानातलं प्रशिक्षण, अतिरेक्यांनी समुद्रात पळवलेली 'कुबेर' बोट, फोनवरून सूचना देणारे, हे सगळं कोर्टापुढे माणसासकट उभं राहिलं. ६ मे २०१०ला विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, २९ ऑगस्ट २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात अंमल झाला. आधी वकील मिळाला, साक्षी झाल्या, अपील झालं. काहींना हा उशीर खटकला. मला तो अभिमानाचा वाटतो. २६ जानेवारी २००९ला ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. पुढे, २०२१मध्ये, ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी 'आयसियस तुकारामी' हे नाव दिलं. विज्ञानाच्या सरांना हे सांगायला हवं होतं!

एक गोष्ट मात्र डाचते. 'नुसत्या लाठीनिशी भिडले' हे आपण इतक्या कौतुकाने सांगतो, की त्यांच्या हातात लाठीच का होती, हा प्रश्न मागे पडतो. नंतर नेमलेल्या प्रधान समितीने पोलिसांच्या तयारीतल्या उणिवा मांडल्या. पोलिसांच्या घरात मात्र यावर चर्चा होत नाही; तिथे हे माहीतच असतं. निवृत्तीनंतरही बाबा रात्री गाडीतून जाताना नाकाबंदी दिसली की आधी स्वतःच काच खाली करायचे आणि आतला दिवा लावायचे, तिथल्या पोराला आतलं दिसावं म्हणून.

आमच्या बॅचने ज्युबिलीनिमित्त नववीसाठी एक निबंधाचं बक्षीस ठेवलं आहे. विषय: 'नाक्यावरचे पोलीस'. अट एकच, लिहिण्याआधी एकाशी तरी बोलून यायचं. ड्युटी किती वाजता सुरू झाली, जेवण झालं का, घर कुठे आहे, एवढं विचारलं तरी चालेल. निबंध डिसेंबरअखेर ऑफिसात द्यावेत.