तिसऱ्या थांब्यावरची दवंडी

माझे बाबा गावचे कोतवाल होते. घाटंजीकडचं आमचं गाव. ग्रामपंचायतीचा निरोप आला की बाबा गळ्यात डफडं अडकवून निघायचे. "ऐका होऽ! उद्या सकायी नऊ वाजता चावडीवर पटवारी येऊन रायले होऽ!" बोलणं झालं तरी ते लगेच पुढं सरकत नसत. दारातून कुणीतरी विचारायचंच, "कोतवालभाऊ, सातबारा आनाचा का?" "आनजा." पुढच्या चौकात बाबा स्वतःहूनच सांगायचे, सातबारा घेऊन या. तिसऱ्या थांब्यापर्यंत दवंडी चांगलीच सुधारलेली असायची.

पुढे अमरावतीला पत्रकारिता शिकायला गेले तेव्हा अमेरिकन अभ्यासक हॅरल्ड लासवेलचे १९४८ मधले प्रश्न वहीत उतरवले: कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कुणाला सांगतो आणि परिणाम काय होतो. जनसंवाद म्हणजे दूरवर विखुरलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या असंख्य लोकांना एकाच वेळी सांगणं. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. ऐकणाऱ्याची शंका पोचलीच तर फार उशिरा पोचते. हे वाचलं आणि मला सातबारा आठवला.

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्या दिवसांत मी काकांच्या घरी कोनाड्यातली बाटली हातात घेतली. सोबतचं पत्रक घड्या उलगडत गेले तर हातभर लांब. कितीतरी भाषा, आणि मराठी अक्षरं तिळाएवढी. बाटलीवर मात्र एक चौकोन, टोकावर उभा केलेला, खालचा अर्धा भाग रंगवलेला. लाल म्हणजे सर्वात जहाल विष, मग पिवळा, निळा, हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीच तर हे चिन्ह! वर्षानुवर्षं फवारा मारणाऱ्या काकांना मी विचारलं, लाल म्हणजे काय? म्हणाले, "अळीवर जालीम असंन."

चिन्ह पोचलं होतं, अर्थ वाटेतच राहिला. आणि आमच्याकडे त्या विषाला म्हणतात औषध. औषधाला कोण भिणार?

१९४० च्या निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून पाहिलं. रेडिओ-वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा प्रभाव त्यांना जास्त आढळला. आमच्या पारावर बसलेल्या कुणालाही हे पटेल. आता गावात व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, सूचना आली की अंगठे उमटतात. पण अंगठा म्हणजे प्रश्न नव्हे.

म्हणून हंगामात मी रिकाम्या बाटल्या घेऊन वस्त्यांवर जाते. पहिल्याच वस्तीत मी पंप मारणाऱ्या पुरुषांसमोर बोलले: तोंडाला फडकं, हातमोजे, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका. मागे बसलेली एक बाई उठली. "पाणी तं मी आनतो, कालवतोही मीच. मले कोनंच सांगतलं नाही."

तिला पुढं बसवलं. पुढच्या वस्तीवर मी आधी विचारलं, औषध कालवतं कोण?