आधी दोरी, मग कात्री

बागेतलं उंच गवत कापायचा दिवस मी दरवर्षी पुढे ढकलते. सबबी भरपूर असतात. आज वारा आहे, आज कात्रीला धार नाही. खरं कारण एवढंच, की हे गवत वाळल्यावरच जास्त देखणं दिसतं. हिरवं असताना ते नुसता कोपरा भरून काढतं. थंडीत मात्र त्याला गव्हाळ रंग चढतो, तुऱ्यांत सकाळचं ऊन अडकतं आणि साधी झुळूक आली तरी अख्खा ठोंब सळसळतो. फुलझाड वाळलं की केविलवाणं दिसतं, गवताचं तसं नाही. मग ते कापायचं तरी कुठल्या तोंडानं?

मागच्या वर्षी ही हौस अंगाशी आली. थंडी सरली तरी माझं आपलं ‘अजून आठ दिवस’ चालूच. शेवटी एकदा वाळकी पाती बाजूला सारून आत डोकावले, तर वीतभर पोपटी कोंब वर आलेले. आता जुनं कापायचं तर नवंही कापलं जाणार. एकेक काडी वेचून काढायला धीर नव्हता आणि ठोंब पाच होते. कापलं सरसकट. नवी पाती वाढली, नाही असं नाही, पण प्रत्येकाचं टोक बोथट आणि वर तपकिरी कड. घरच्या घरी कापलेल्या केसांसारखं ते ध्यान मी पुढच्या थंडीपर्यंत रोज बघत होते.

त्याचं असं आहे, की गवताचं पातं शेंड्याकडून वाढत नाही. ते बुडाशी वाढतं आणि खालून वर ढकललं जातं. म्हणून तर गुरांनी चरलेलं गवत पुन्हा उभं राहतं. पण म्हणूनच छाटलेलं टोक छाटलेलंच राहतं आणि तसंच्या तसं उंच चढत जातं, सगळ्यांना दिसेल असं.

यंदा शहाणी झाले. थंडी सरत आली तशी दर चार दिवसांनी बुडाशी बोटं घालून बघू लागले. कोंब निघायच्या आत बेत पार पाडला.

आधी दोरी, मग कात्री, हेही मला उशिराच कळलं. पूर्वी मोकळंच कापायचे. पाती वाऱ्यावर बागभर, कुसळं केसांत, आणि मग पुढचा महिनाभर वेचावेच. आता ठोंबाला दोन जागी सुतळी आवळते, एकदा कमरेशी, एकदा छातीशी. माणसाहून उंच पसारा एका मिठीत मावेल एवढा होतो. मग जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर सोडून कापायला घ्यायचं. विळा कोवळ्या ठोंबाला ठीक. जुन्याच्या काड्या बोरूसारख्या टणक, तिथे लांब दांड्याची कात्री लागते आणि गाभ्याला तर करवतच. शेवटची काडी तुटली की सबंध पेंढी सावकाश कलते आणि खांद्यावर येऊन टेकते. एवढ्या एका क्षणासाठी मी ते काम दुसऱ्या कुणाला देत नाही. (बारमाही हिरव्या राहणाऱ्या जातींना मात्र हे करू नये. त्यांना बोटांनी विंचरून वाळकं तेवढं ओढून काढायचं.)

हातमोजे हवेतच. पात्याच्या कडेला डोळ्यांना न दिसणारे दाते असतात, त्यांत सिलिका, म्हणजे वाळूतलीच चीज. कापल्याचं तेव्हा कळतही नाही. अंघोळीला गेलं की एकेक रेघ झोंबायला लागते. पंपास नावाच्या अशाच उंच, तुरेवाल्या गवताचं शास्त्रीय नाव कोर्टाडेरिया. त्याच्या मुळाशी ‘कापणे’ या अर्थाचं ‘कोर्तार’ हे स्पॅनिश क्रियापद आहे. कोण कुणाला कापणार, हे नाव ठेवणाऱ्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या ठोंबाला मधोमध टक्कल पडलेलं निघालं. वय झालं की गवत कडेकडेनं वाढत जातं आणि मधला भाग मरतो. तो खणून, फोडून, पुन्हा लावावा लागणार. चौथ्याच्या बुडाशी ठिपक्यांचे लाल लेडीबर्ड किडे एकमेकांना चिकटून थंडी काढत बसले होते. ते झाडांवरची मावा ही कीड खातात, म्हणजे आपलीच माणसं. ती पेंढी न सोडता तशीच कुंपणाशी उभी केली.

संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावल्या. “सगळं उपटलंत?”

“नाही हो, कापलंय.”

पाच खुंटांकडे आणि मग माझ्याकडे बघून त्या “बरं” म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये विश्वास अजिबात नव्हता.

आणि पाचव्या ठोंबात सापडलं खुरपं. गेल्या वर्षी हरवलेलं, ज्यावरून मी नवऱ्याला दोन दिवस बोल लावला होता, तेच. मूठ कुजलेली, पातं गंजलेलं. पुसून जागेवर ठेवलंय. त्याला सांगणारच आहे. अजून आठ दिवसांनी.