रत्नागिरी, तिथी पाहून

दोन दिवसांत रत्नागिरी शहर दाखवीन, असं मी आईला सांगितलं होतं. तिचे गुडघे कुरकुरतात, म्हणून कागदावर नीट क्रम लावला: सोमवारी सकाळी थिबा राजवाडा, दुपारी मांडवी, संध्याकाळी टिळकांचं घर. कार्तिकातली पौर्णिमा नुकतीच झाली होती, हवा छान. रविवारी रात्री पोहोचलो.

सोमवारी राजवाड्याच्या फाटकाशी गेलो, तर कुलूप. संग्रहालयाला सोमवारची सुट्टी. हे आधी बघायचं असतं, एवढंही मला सुचलं नव्हतं. मग थिबा पॉइंटवर गेलो. खाली भाट्याची खाडी, काजळी नदीचं मुख आणि पलीकडे समुद्र. आई कठड्याला टेकून बराच वेळ उभी राहिली, त्यामुळे माझी चूक जरा झाकली गेली.

दीडच्या सुमारास मांडवीला उतरलो. या काळ्या वाळूचं मी आईपुढे इतकं वर्णन केलं होतं, आणि तिथे वाळूच दिसेना! पाणी पार वर आलेलं, डोक्यावर ऊन. रिक्षावाले काका थांबले होते. म्हणाले, "ताई, आज तिथी कुठली? द्वितीया ना? दोनाची पाऊणपट दीड. दीडला पूर्ण भरती. पुनवेनंतरचं उधाण आहे, वाळू कुठनं दिसणार?"

हा हिशोब मला ठाऊकच नव्हता. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की आपल्या किनाऱ्यावरची भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. मग मी कागद फाडला आणि काकांना विचारून नवा क्रम लावला.

दुपार सावलीतली ठिकाणं बघण्यात घालवली. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर (जन्म १८५६), मग पतितपावन मंदिर. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांच्या पुढाकाराने भागोजीशेठ कीरांनी ते बांधलं, १९३१ साली ते सर्व हिंदूंसाठी खुलं झालं. सूर्यास्ताला रत्नदुर्ग. पायऱ्या आहेतच, पण आईने थांबत थांबत चढल्या. तिन्ही बाजूंना समुद्र, एका अंगाला मिरकरवाड्याच्या होड्या. बालेकिल्ल्यातल्या भगवतीला नमस्कार करून तटावर येऊन बसलो. सूर्यास्तासाठी कुठे जावं असं कोणी विचारलं, तर मी डोळे मिटून हेच ठिकाण सांगते.

मंगळवार, तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे आठाच्या सुमारास ओहोटी. आठला भाट्याच्या किनाऱ्यावर. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू फरशीसारखी घट्ट. कोरड्या वाळूत आईला दहा पावलं टाकता येत नाहीत, इथे मात्र ती सुरूच्या बनाशेजारून झरी विनायकापर्यंत चपला हातात घेऊन चालली.

तिथून राजवाडा, या वेळी उघडा. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचं राज्य घेतलं आणि थिबा राजाला पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा वाडा १९१० साली तयार झाला आणि १९१६ साली तो वारला. म्हणजे या सागवानी कमानींखाली जेमतेम सहा वर्षं. आई वरच्या मजल्यावर खिडकीशी उभी राहून म्हणाली, "समोर एवढा समुद्र, आणि परत जायची सोय नाही." मी खाली जाऊ या म्हणून दोनदा हाक मारली, तिने ऐकलंच नाही. वाड्यात घाई करू नका, किमान तासभर ठेवा.

झाडगावचं मत्स्यालय राहिलं, तिथला देवमाशाचा सांगाडा आईला बघायचा होता. आणखी अर्धा दिवस हाताशी हवा होता. स्टेशन शहरापासून चांगलंच लांब आहे, त्यामुळे बुधवारी गाडीच्या बरंच आधी निघालो. रिक्षा चढावाला लागली तशी आई मागून म्हणाली, "आज चतुर्थी. म्हणजे तीनला ना?"

काकांनी मान डोलावली.