आधी अंदाजपत्रक, मग प्रस्ताव

अनुदानासाठी प्रस्ताव लिहिणाऱ्या बहुतेक संस्था सुरुवात स्वतःच्या परिचयापासून करतात आणि अंदाजपत्रक मुदतीच्या आदल्या दिवशी हिशेबनिसाच्या गळ्यात घालतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा, कारण प्रत्यक्षात काय करणार आहोत हे आकडे मांडल्याशिवाय आपले आपल्यालाही नीटसे कळत नाही.

एक नमुना पाहावा. मजकुरात लिहिलेले असते की, दोन कार्यकर्त्या वीस गावांतील वाचनवर्गांना दर आठवड्याला भेट देतील. म्हणजे वर्षाला हजाराहून अधिक भेटी झाल्या. प्रवासखर्चाच्या ओळीत मात्र 240 भेटींचीच तरतूद असते, म्हणजे प्रत्येक गावाला महिन्यातून एक. मजकूर आणि आकडे शेजारी ठेवून वाचणाऱ्या परीक्षकाच्या हे लगेच लक्षात येते आणि उरलेल्या प्रस्तावाकडेही तो संशयाने पाहू लागतो. अंदाजपत्रक आधी केले असते, तर गावे कमी करायची की भेटी, हा निर्णय लिहिण्यापूर्वीच घ्यावा लागला असता.

गरजेच्या मांडणीतही अशीच गल्लत होते. ‘आमच्याकडे प्रशिक्षित शिक्षक नाहीत’ ही संस्थेची अडचण झाली. ‘चौथीतील मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही’ ही मुलांची. निधी दुसऱ्या अडचणीसाठी मिळतो, आणि तोही प्रारंभिक पाहणीचे आकडे हाताशी असतील तर. त्या आकड्यांशिवाय वर्षअखेरीस काय बदलले हे सांगता येत नाही, मग घेतलेल्या कार्यशाळांची संख्याच यश म्हणून पुढे करावी लागते.

यावर लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टे, कामे, यशाची मोजमापे आणि गृहीतके एकत्र मांडणारा तक्ता, उपयोगी पडतो. 1969 मध्ये तो अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी मदतसंस्थेसाठी तयार झाला आणि पुढे अनेक निधीदात्यांनी स्वीकारला. त्यातील गृहीतकांचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच घाईघाईने भरला जातो. मुले शेतीच्या हंगामातही वर्गाला येतील, असे आपण धरून चालत असू, तर ते तिथे लिहावे आणि ती आली नाहीत तर काय करणार, हेही लिहावे. धोका मान्य केल्याने प्रस्ताव कमकुवत होतो, ही समजूत चुकीची आहे.

राहिला प्रशासकीय खर्च. कार्यालयाचे भाडे, लेखापरीक्षण, हिशेबनिसाचा पगार हे दाखवले तर अनुदान हुकेल, या भीतीने संस्था ते लपवतात किंवा प्रशिक्षणाच्या ओळीत कोंबतात. निधीदात्यांची भूमिका मात्र हळूहळू बदलते आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने, वेगळा दर ठरवून न घेतलेल्या संस्थांसाठी अप्रत्यक्ष, म्हणजे अशाच प्रशासकीय, खर्चाची कमाल मर्यादा ऑक्टोबर 2024 पासून 10 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर नेली. प्रत्येक दात्याचा नियम निराळा असल्याने तो आधी वाचावा, तरीही शंका उरल्यास लेखी विचारावी, आणि परवानगी असेल तेवढा खर्च स्वतंत्र ओळीत, कारणासह मागावा.