घराच्या कागदातली अट

अमेरिकेत, मिनियापोलिसात घर घेतल्याचं गावाकडे दारव्ह्यापर्यंत पोचलंच आहे, तेव्हा पेढ्यांचं राहू द्या. खरेदीच्या गठ्ठ्यात १९४१ सालचा एक दस्त निघाला. त्यात टाइप केलंय: ही जागा गोऱ्यांखेरीज कोणाला विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, घरगडी असेल तर राहू शकतो. म्हणजे माझ्याच घरात मी भांडी घासायला चाललो असतो!

१९४८ पासून ही अट कोर्टात टिकत नाही, १९६८ पासून तर बेकायदाच. रद्द करायचा अर्ज मी नोंदवलाय, पण जुना दस्त जागच्या जागी राहतो.

मला चीड आली ती पुढचं वाचून. महायुद्ध संपलं, सैनिक परतले. १९४४ च्या जी.आय. बिलात, म्हणजे परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्यात, त्यांना घरासाठी सरकारी हमीचं कर्ज होतं. काळे सैनिकही लढलेले. पण हमी सरकारची अन् पैसा बँकेचा, आणि काळ्यांच्या वस्त्या सरकारी नकाशांवर १९३० च्या दशकातच कर्जाला धोक्याच्या म्हणून लाल रंगवून ठेवलेल्या. कर्ज मिळे तिथे त्यांना घर विकत नसत, विकत तिथे कर्ज मिळत नसे. मिसिसिपीतल्या १३ शहरांत १९४७ साली हमीची ३,२२९ कर्जं दिली गेली. काळ्या सैनिकांना किती? दोन!

गोऱ्यांच्या घरांचे भाव चढले, त्यावर पोरांची कॉलेजं झाली, नातवांची घरं झाली. २०२२ साली गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (म्हणजे रांगेत बरोबर मधल्या कुटुंबाची) २,८५,००० डॉलर, काळ्या कुटुंबाची ४४,९००.

बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "सातबारा नसला त सोसायटी कर्ज देते का? थ्याइचं तसंच झालं."

मी म्हटलं, आपल्याकडे निदान दस्तात असं लिहीत नाहीत.

"लिवाची काय गरज? कोनाचं घर कोन्या आळीत राहीन, हे साऱ्याइले मालूम असते."

हे मला झोंबलं. आजोबांनी कापसावर एकेक एकर जोडलं, कोणाचं हिसकावलं नाही. मीही नोकरी करून हप्ते भरतोय, फुकट कोणी काही दिलेलं नाही. शेजारचे गोरे आजोबाही अगदी हेच सांगतात. त्यांच्या वडिलांनी घर घेतलं होतं ते जी.आय. बिलाच्या कर्जावर.