फरक शून्य

आजच्या बैठकीत माझ्या पॅचबद्दल, म्हणजे कोडमधल्या छोट्या दुरुस्तीबद्दल, साहेबांनी काही टोचून विचारले नव्हते. "या पॅचमुळे आपल्याकडे नेमकं काय बदलणार?" एवढाच प्रश्न होता, आणि "काहीच नाही" हे त्याचे खरे उत्तर मी तितक्याच शांतपणे दिले. कोणीतरी हसले, विषय पुढे सरकला. तरीही परसोडीहून घरी येताना, जेवताना आणि आता कूलरच्या घरघरीत हे लिहितानाही ते "काहीच नाही" गळ्याखाली उतरत नाही.

उत्तर खरे होते, हेच त्यातले दुखणे आहे. व्हर्टआयओ म्हणजे आभासी यंत्राला नेटवर्कसारखी उपकरणे पुरवण्याची रीत; तिच्या नेटवर्क उपकरणाच्या त्या जुन्या कोडमध्ये हेडरमधील आणि कॉन्फिगरेशनमधील सोळा बिटांची फील्डे थेट वाचली आणि लिहिली जात होती. आता त्यांतील प्रत्येक फील्ड लिटल-एंडियन, म्हणजे लहान किमतीचा बाइट आधी, आहे हे त्याच्या टाइपमध्येच नोंदवले आहे आणि प्रत्येक वाचनाच्या वेळी रूपांतर होते. परंतु आमचे होस्ट, म्हणजे खरे यंत्र, आणि गेस्ट, म्हणजे त्यावर चालणारे आभासी यंत्र, दोन्ही एक्स८६ प्रोसेसरचे, आणि तो मुळातच लिटल-एंडियन. तिथे रूपांतर म्हणजे आलेली संख्या जशीच्या तशी परत करणे, आणि कंपायलर ते पुसून टाकतो. संध्याकाळी जुनी आणि नवी ऑब्जेक्ट फाइल डिसअसेंबल करून, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांत उलगडून, ओळीला ओळ ताडून पाहिली. एकही सूचना बदललेली नाही. हे आधीच ठाऊक होते, तरी डोळ्यांनी पाहिल्यावर लागलेच. रस्त्यावरचा खड्डा बुजवणाऱ्याला निदान बुजलेला खड्डा दाखवता येतो.

फरक दिसतो तो एस३९०एक्सवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमवर; तिथे बाइटांचा क्रम उलटा, बिग-एंडियन, असतो. तसे यंत्र नागपुरात कुठे मागायला जाणार? क्यूएमू या प्रोग्राममध्ये त्याची नक्कल चालवावी लागते, आणि ती माझ्या लॅपटॉपवर इतकी मंद चालते की गेस्ट सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. तिथे जुना कोड घातला की सहा बाइटांचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख, अगदी अचूक दिसतो, कारण ते सुटे बाइट आहेत, त्यांना क्रमाचा प्रश्नच नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे. मग स्टेटस फील्ड वाचले जाते. लिंक चालू असेल तर त्यात १ असायला हवा. बाइट उलटले की त्याचे २५६ होतात, शेवटचा बिट शून्य होतो आणि ड्रायव्हर समजतो की केबल निघाली आहे. एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, १५०० असेल तर तो ५६३२५ दिसतो. पॅकेट एकाच बफरमध्ये आले असेल तर ते २५६ बफरांत पसरले आहे असे मानून ड्रायव्हर उरलेले २५५ शोधू लागतो, ते सापडत नाहीत आणि पॅकेट टाकून देतो. यातले काहीही कोसळत नाही. सगळे शिस्तीत, नियमाप्रमाणे चुकत जाते.

बाबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गाडी उलटी लागली तर डब्यांचा क्रम फिरतो, डब्याच्या आतले बर्थ नंबर फिरत नाहीत, असंच ना?" असेच. आयुष्य रेल्वेत काढलेल्या माणसाला एका वाक्यात कळले. मग त्यांनीही विचारले, "पण तुमच्याकडे गाडी उलटी लागतच नाही ना?" मी पानावर आणखी भात वाढून घेतला.

या गोंधळाला दोषी तरी कोणाला धरायचे? व्हर्टआयओ लिनक्स २.६.२४ मध्ये, २००८ च्या जानेवारीत आले, तेव्हा गेस्टचा जो क्रम तोच उपकरणाचा क्रम ही सोय साधी आणि पुरेशी वाटली असणार. पुढे आयबीएमच्या पॉवर यंत्रांवर दोन्ही क्रमांचे गेस्ट चालू लागले आणि "गेस्टचा क्रम" म्हणजे नेमका कोणत्या क्षणीचा, असा प्रश्न उभा राहिला. व्हर्टआयओच्या १.० मानकाने सरळ सगळे लिटल-एंडियन केले, पण जुन्या ड्रायव्हरांसाठी जुनी रीतही ठेवावी लागली, आणि समोरचा जुना की नवा हे ओळखायचे ते ३२ व्या फीचर बिटावरून. आता ड्रायव्हरने तो बिट कळवण्याआधीच एमटीयू वाचला तर? उपकरण त्याला जुना समजते आणि उलट्या क्रमात उत्तर देते. लिनक्सच्या गाभ्यात नेमके हेच २०२१ मध्ये दुरुस्त करावे लागले. इतक्या माणसांच्या नजरेखालून गेलेला कोड, आणि तरीही. हे आठवून मला बरे वाटावे की वाईट, ते ठरत नाही. थोडे बरेच वाटले.

अनघा असती तर हे तिला सांगितले असते. ती पुण्याला गेल्यापासून, असो.

रात्री पॅचचा संदेश लिहायला बसलो, तेव्हा एक गंमत लक्षात आली. तपासणाऱ्याला अशा पॅचबाबत पहिली भीती असते ती चालू असलेले काही मोडण्याची. त्यावर सर्वांत भक्कम वाक्य कोणते, तर "एक्स८६ वर तयार होणारा कोड तंतोतंत तोच राहतो." म्हणजे दुपारी ज्याने माझा चेहरा पडला, तेच माझ्याजवळचे सर्वांत चांगले प्रमाणपत्र होते. ते वाक्य मी पहिल्या परिच्छेदातच घातले, एस३९०एक्सचे आकडे त्याखाली. साहेबांना हेच ऐकवता आले असते, पण योग्य उत्तर बैठक संपल्यावरच सुचावे हा माझा जुना नियम आहे.

स्पार्स हा कोडमधल्या अशा चुका पकडणारा प्रोग्राम आता जवळजवळ गप्प आहे. फक्त कंट्रोल क्यूमध्ये, म्हणजे उपकरणाला आदेश पाठवण्याच्या रांगेत, नेटवर्कच्या रांगांच्या जोड्यांची संख्या पाठवतात त्या ओळीवर तो काहीच बोलत नाही आणि त्याने बोलायला हवे होते. उघडून पाहिले तर तिथे कोणीतरी जबरदस्तीचा कास्ट, म्हणजे टाइप बदलल्याचा नुसता शिक्का, घालून त्याचे तोंड बंद केले आहे. एक जोडी मागितली तर बिग-एंडियन गेस्टकडून २५६ मागितल्या जातील. ती ओळ कोणाची, हे इतिहासात पाहिले. नाव इथे लिहीत नाही. उद्या तो कास्ट काढेन, संदेशात "रूपांतर राहून गेले होते" एवढेच लिहीन, आणि पॅच तपासणीसाठी पुण्याला पाठवेन.